पाठमोरी

ती पाठमोरी बसलेली असते तेव्हाच
मला तिची परीक्षा घ्यावीशी वाटते.

आधी स्टीलचं ताट पाडलं. मग उलथणं.
मग सायकलची घंटी खोलून घरात आणली.
'इटु चूडु' म्हणालो, घरच्या तेलुगूत,
मग शाळेच्या मराठीत म्हणालो, इकडे बघ.
ती रिकाम्या कांड्या रचत राहिली,
निळीवर पिवळी, पिवळीवर निळी.

सरोजा म्हणाली,
ताटाला पोचे पडतात. बास करा.

सरोजाला आधीच कळलं होतं.
गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर,
दारूकाम सुरू झालं तशी
सगळी पोरं आईच्या पदरात कान खुपसून रडत होती
आणि आमची भार्गवी वर बघून हसत होती.
धीट आहे पोर, मी शेजारच्या माणसाला सांगितलं.
विडी घरकुलपर्यंत परत येताना
रिक्षावाल्यालाही सांगितलं.
सरोजा रस्त्याकडे बघत होती.

मी म्हणायचो, सवय झालीय तिला.
मागाच्या खोलीला लागून पाळणा,
पोटात असल्यापासून हाच खडखडाट,
आमच्या गल्लीत हळू बोलतंय कोण?
मलाच कमी ऐकू येतं.
माझ्या बापाला तर शेवटी शेवटी
ओरडून सांगावं लागायचं
की माग बंद पडलाय.

सिव्हिलमध्ये तिला औषध देऊन झोपवलं,
कपाळाला, कानामागे तारा चिकटवल्या.
ती जागी होऊ नये म्हणून
मी चपला दाराबाहेर काढल्या
आणि टाचा उचलून चाललो.
तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं,
मग पडद्याकडे.

कागद चार घड्या करून
मार्कंडेयाच्या फोटोमागे ठेवलाय.

पाणी पाचव्या दिवशी येतं, ते चालतं मला.
रात्री दोनला उठून हंडे लावतो.
ऊन चव्वेचाळीसला टेकतं, टेकू दे.
टॉवेलचा दर शेठ सांगेल तो.
गिरणीचा भोंगा कायमचा थांबला
तेव्हा बाप दोन वर्षं
त्याच वेळेला उठून बसायचा,
भोंगा झाला, डबा दे, म्हणायचा.
आम्ही हसायचो.
हसायला नको होतं.

वैशाखात एका दुपारी लाइट गेली.
सगळ्या गल्लीतले माग एकदम गप.
धोटा अर्ध्यात अडकलेला, कपाळावरून घाम उतरत होता,
आणि भिंतीला पाठ लावून झोपलेली भार्गवी
दचकून उठली.

उठली!
मी बीमवरून उडी टाकून धावलो,
सरोजा, अगं, तिला कळलं, आवाज थांबलेला कळला!
तिच्यामागे टाळ्या वाजवल्या.
नाव घेतलं, पूर्ण नाव, आडनावासकट.
शेजारचा यादगिरी दारात येऊन उभा राहिला.
तिनं मागे हात नेला
आणि भिंतीवर तळवा ठेवला.
मग दुसरा.
थरथरायची थांबलेली भिंत
ती चाचपत होती,
आजारी माणसाला चाचपावं तशी.

यादगिरी काही न बोलता गेला.

सरोजा आता दोन बोटं ओठांना लावते,
भार्गवी पाण्याचा तांब्या आणते.
तळवा गालाखाली ठेवते, भार्गवी अंथरुणाकडे जाते.
कुठून शिकली सरोजा, मी विचारलं नाही.
माझी बोटं तुटलेलं सूत अंधारातही हुडकतात,
डोळे मिटून गाठ मारतात,
पण तिच्यासमोर उचलायची म्हटली
की खिशात जातात.

परवा तिनं माझा हात खिशातून ओढून काढला,
बोटं एकेक उलगडून पाहिली, काही आणलंय का.
काही नव्हतं.

रात्री दार मी अजूनही
लागतं त्यापेक्षा जरा जोरात लावतो.
सरोजा तिकडे बघत नाही.
मी बघतो.